चाळीस आरे, नऊ भोकं

सकाळी 7.30

नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या मार्केट यार्डातली पहिली गर्दी ओसरते तेव्हा माझं दुकान उघडतं. पहिलं गिऱ्हाईक बहुतेक हमाल, नाहीतर भाजीवाला. कामही ठरलेलं : पंक्चर, ब्रेकचं रबर, कॅरिअरचा तुटलेला गज. आज मात्र एकच मोठं काम आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातली दोन पोरं प्रोजेक्ट म्हणून सायकलला इंजिन बसवताहेत. इंजिन त्यांनी कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच फ्रेमच्या त्रिकोणात बसवलं, आणि चांगलं बसवलंय. घोडं अडलंय ते मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटवर.

‘‘काका, नऊच बोल्ट आहेत. तासाभराचं काम,’’ चष्मेवाला म्हणाला.

‘‘डबा आणलाय का?’’ मी विचारलं. नव्हता आणला.

किटमधला माल गोणपाटावर मांडला. 44 दात्यांचं स्प्रॉकेट, रबराच्या दोन जाड चकत्या, लोखंडी पट्टीचे अर्धगोल तुकडे, नऊ बोल्ट आणि 415 नंबरची चेन. पायडलची चेन उजवीकडे असते, म्हणून इंजिनाची चेन डावीकडून जाते. हबच्या उजव्या बाजूला फ्रीव्हील बसवायला आटे असतात. डावीकडे ते नसतातच, तिथे काही बसवायचं आहे असं सायकल बनवणाऱ्याच्या डोक्यातही नव्हतं. मग स्प्रॉकेट धरायचं कशाला? तर आऱ्यांना. आऱ्यांच्या आतून एक रबर, बाहेरून एक रबर, आतल्या रबरामागे लोखंडी पट्टी, बाहेरच्यावर स्प्रॉकेट, आणि आरपार बोल्ट. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत व्हिझर नावाचं सायकलचं इंजिन निघायचं. 1942 पासून ते पट्ट्यावर चालू लागलं आणि त्या पट्ट्याची मोठी पुली मागच्या चाकाच्या आऱ्यांनाच जखडलेली असायची.

कामाला हात घालण्याआधी मी पोरांना कायद्याचं विचारलं. 1988च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या, 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला मोटार वाहन धरलेलं नाही. यांच्या खोक्यावर 80 सीसी छापलंय. म्हणजे नंबर, विमा, लायसन्स सगळं आलं, आणि घरी जोडलेल्या सायकलला आरटीओ नंबर देईल ही आशा सोडलेली बरी. बॅटरीची मोटर बसवली असती, 250 वॉटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत राहणारी, तर हा प्रश्न आला नसता. पोरांनी कॉलेजचं पत्र दाखवलं : सायकल फक्त कॉलेजच्या मैदानावर चालवायची. टाकी कोरडी होती. मग मी पाना उचलला.

सकाळी 8.15

चाक खोलायच्या आधी मी आरे मोजतो. व्हॉल्व्हपासून सुरुवात, बोटाने एकेक. चाळीस.

किट 36 आऱ्यांच्या चाकासाठी आहे. 36 म्हणजे हबच्या एका बाजूला 18, त्यांच्या जोड्या 9, आणि दोन जोड्यांमधली पोकळी दर 40 अंशांवर. म्हणून नऊ बोल्ट. पण आपल्या काळ्या सायकलीला इंग्रजी वळणाने पुढे 32 आणि मागे 40 आरे असतात. एका बाजूला 20, पोकळ्या 10, दर 36 अंशांवर एक. पहिला बोल्ट पोकळीत मधोमध बसतो. दुसरा 4 अंश सरकतो, तिसरा 8, चौथा 12, आणि पाचवा 16 अंश सरकून थेट आऱ्यांच्या अंगावर येतो.

इथे बरेच जण आरा वाकवतात. आरा म्हणजे 2 मिलिमीटर जाडीची तार. ती ताणासाठी केलेली असते आणि सरळ असेल तोवर माणसासकट पोतं पेलते. बोल्टने बाजूला रेटली की वाकल्या जागी रोज थोडी थोडी थकत जाते, आणि एक दिवस हबच्या भोकापाशी तुटते. मग शेजारची. इंजिन लावलेल्या सायकलची दुरुस्ती येते तेव्हा तक्रार इंजिनाची असते आणि बिघाड बहुतेक चाकात सापडतो.

मागे जास्त आरे का, हे पोरांनी विचारलं नाही, तरी मी सांगितलं. वजन मागे असतं. दुधाचे कॅन, गॅसची टाकी, डबलसीट बसलेली बायको, सगळं मागच्या चाकावर. गंगापूर रोडकडून माझ्याकडे कधीमधी हलक्या सायकली येतात, त्यांना 24 नाहीतर 28 आरे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी 2015मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, आणि त्यानंतर गावात तशा सायकली जास्तच दिसू लागल्या. त्या चाकांवर असा उद्योग करायला मी सरळ नाही म्हणेन. ही काळी सायकल ॲटलस आहे, चष्मेवाल्याच्या आजोबांची. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020ला बंद झाला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. चाक मात्र अजून पंधरा वर्षं सहज काढेल.

‘‘स्प्रॉकेटलाच दहा भोकं मारू,’’ दुसरा पोरगा म्हणाला. हा कमी बोलतो, पण वही जवळ ठेवतो. मी म्हटलं, मार, आधी कागदावर. त्याने मांडलं. जुनी भोकं 40-40 अंशांवर, नवी 36-36वर. दोन्हींतला फरक 4 अंशांच्या पायऱ्यांनी फिरत राहतो, त्यामुळे चकती कशीही फिरवली तरी एखादं नवं भोक जुन्यापासून फार तर 2 अंशांवर येणार. म्हणजे दोन भोकं एकमेकांत घुसणार. वही मिटली.

तेव्हा एकच रस्ता : मध्ये वेगळी रिंग. 6 मिलिमीटर जाड लोखंडी प्लेटची. तिला बाहेरच्या वर्तुळावर 10 भोकं, ती आऱ्यांच्या पोकळ्यांतून जातील. आतल्या वर्तुळावर 9 आट्यांची भोकं, त्यांवर स्प्रॉकेट बसेल. चाकाचा हिशेब चाकाशी आणि स्प्रॉकेटचा स्प्रॉकेटशी.

सकाळी 9.00

दोन पंक्चर, एक पायडल, शाळेच्या सायकलची घंटी. भाचा दुकान सांभाळतो, मी चाक खोलतो. हबमधलं जुनं ग्रीस काळं पडून घट्ट झालेलं. छर्रे नवे टाकले, कोन बदलला. एक्सल जराही हलत असेल तर पुढची सगळी मापं खोटी, म्हणून कोन-नट असे आवळले की चाक मोकळं फिरावं आणि खाली-वर करून पाहिलं तर खुट्ट वाजू नये.

सकाळी 9.40

आता आऊट काढायचा, म्हणजे रिमचा डोल घालवायचा. पोरांना वाटलं हे जास्तीचं काम मी बिल वाढवायला काढलंय. पण स्प्रॉकेट ज्या आऱ्यांना धरून बसणार, ते आरे सारख्या ताणात नसतील तर स्प्रॉकेट वाकड्यालाच सरळ समजून बसेल. नंतर आऊट काढायला गेलं तर निपल फिरवला की बोल्टखालचा आरा हलतो आणि स्प्रॉकेटही हलतं. म्हणून चाक आधी, स्प्रॉकेट मागून. हा क्रम उलटा करणारे मेकॅनिक मी पाहिलेत. त्यांचं काम दुकानातून जाताना छान दिसतं.

चाक स्टँडवर चढवलं. रिमजवळ खडू धरला, चाक फिरवलं, जिथे खडू उमटला तिथे रिम बाहेर. उजवीकडे जात असेल तर डावा निपल पाव फेरा आवळायचा, उजवा पाव फेरा ढिला. अर्धा फेरा कधीच नाही. मग वर-खाली बघायचं. तिथे खडू रिमच्या डोक्यावर. आरे जोडीजोडीने दाबून पाहायचे, हाताला सारखे लागले पाहिजेत. गिटारसारखे छेडून आवाजावरून ताण ओळखणारेही आहेत. मला मार्केटच्या गोंगाटात ते जमत नाही. मी हातावर जातो.

तीन आरे गंजलेले निघाले, तेही नेमके डाव्या बाजूचे, जिथे रिंग बसणार होती. बदलले. चष्मेवाला एव्हाना स्वतः निपल पाना फिरवत होता. तासाभरात रिम अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली. काळ्या सायकलीला एवढं कुणी करत नाही.

सकाळी 11.30

चाक, स्प्रॉकेट आणि कागदाचं टेम्प्लेट घेऊन सातपूर. त्र्यंबक रोडने मोटारसायकलवर, मागे वहीवाला चाक मांडीवर घेऊन बसलेला. टर्नर माझा जुना सोबती. आम्ही दोघांनी अंबडच्या एकाच टूलरूममध्ये उमेदीची वर्षं काढली. त्याने पुढे लेथ घेतला, मी सायकली घेतल्या. नाशिकला असली कामं सहज होतात त्याचं कारण हेच. 1964मध्ये ओझरला एचएएल आली, 1969मध्ये सातपूरला मायको आली, म्हणजे आताची बॉश. मोठ्या कारखान्यांभोवती लहान शेड उभ्या राहिल्या, आणि दहा बाय वीसच्या गाळ्यातही मायक्रॉनची भाषा बोलणारी माणसं बसली.

‘‘सायकलच्या स्प्रॉकेटला रिंग? पोरांच्या नादी लागलास?’’ टर्नर म्हणाला, आणि हात पुढे करून कागद घेतला.

प्लेट त्याच्याकडे पडलेलीच होती. लेथवर धरून तोंड मारलं, बोअर केला आणि बोअरभोवती दीड मिलिमीटर उंचीचा खांदा ठेवला. त्या खांद्यावर स्प्रॉकेटचं मधलं भोक घट्ट बसलं पाहिजे. हा खांदा म्हणजे सगळ्या कामाचा जीव. किटमधल्या रचनेत स्प्रॉकेटला मध्ये धरणारं काहीच नसतं. मधलं भोक सैल, बोल्ट रबरात, सेंटर नुसतं नजरेने. आता स्प्रॉकेटचं सेंटर रिंगने पकडलं. उरलं फक्त रिंगचं सेंटर एक्सलशी जुळवणं.

भोकांसाठी मिलिंगवर डिव्हायडिंग हेड लावलं. वहीवाल्याने हे यंत्र पुस्तकात पाहिलेलं, हाताने फिरवलेलं नव्हतं. आतल्या वर्मचा हिशेब 40ला 1 : हँडलचे 40 फेरे मारले की काम एकदा पूर्ण फिरतं. दहा भोकं हवीत, तर 40 भागिले 10, प्रत्येक भोकाला चार पूर्ण फेरे. चार फेरे, ड्रिल. चार फेरे, ड्रिल. मोजण्यासारखं काहीच नाही. पण नऊ भोकांची पाळी आली तेव्हा 40 भागिले 9, म्हणजे चार फेरे आणि वर चार नवमांश. त्यासाठी 18 भोकांच्या वर्तुळाची चकती लावायची आणि चार फेऱ्यांनंतर आणखी 8 भोकं पुढे जायचं. टर्नरने हँडल पोराच्या हातात दिलं. तिसऱ्या भोकाला तो अडखळला, मागे आला, आणि टर्नर ओरडला, ‘‘मागे यायचं नाही! बॅकलॅश आहे. पूर्ण मागे जा आणि परत पुढून ये.’’ पोराने ते वहीत लिहून घेतलं.

बाहेरच्या दहा भोकांना काउंटरसिंक केलं, म्हणजे बोल्टची डोकी प्लेटमध्ये बुडतील आणि वर स्प्रॉकेट सपाट टेकेल. आतल्या नऊंना 6 मिलिमीटरचा टॅप मारला. आऱ्यांच्या आतून लावायला 3 मिलिमीटर पत्र्याची दहा भोकांची चकती, मधून कापून दोन तुकडे. अखंड चकती आऱ्यांच्या आत जाणारच कशी?

‘‘पैसे?’’ मी विचारलं. त्याने जो आकडा सांगितला त्यात त्याची दुपार निघत नव्हती.

दुपारी 1.45

परतताना अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगारातून कन्व्हेअर बेल्टचा तुकडा घेतला. किटमधल्या रबराला नऊ भोकं होती, ती चालणार नव्हती, शिवाय ते मऊ होतं. बेल्टमध्ये कापडाचे थर असतात, त्यामुळे बोल्ट आवळला की तो पसरत नाही. मग मिसळ. चष्मेवाला पंचवटीत, दुकानावर थांबलाच होता, त्याने पैसे दिले.

दुपारी 2.30

बेल्टच्या दोन चकत्या कापल्या, पोकळ पंचाने भोकं पाडली. आतल्या चकतीला मध्यापासून कडेपर्यंत एक उभा छेद दिला, तो उघडून ती आऱ्यांच्या आत हबभोवती सरकवली. छेद आणि लोखंडी तुकड्यांचा सांधा एका रेषेत येऊ द्यायचा नाही. एक इकडे असला तर दुसरा तिकडे. किटमधले बोल्ट मी बाजूला टाकले. ते मऊ असतात, आवळतानाच ताणतात. 8.8 ग्रेडचे घेतले आणि आतून नायलॉकचे नट.

बोल्ट आधी हाताने. सगळे दहा. मग समोरासमोरचे, एकेक पाव फेरा. एकच बोल्ट पूर्ण आवळून पुढे गेलं की रबर त्या बाजूला दबतं, रिंग कलंडते, आणि मग बाकीचे नऊ त्या एकाची चूक सावरत बसतात. भाच्याला घाई होती, बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्याला गिऱ्हाइकांकडे पाठवलं.

दुपारी 3.15

डायल गेज. टूलरूम सोडताना मी स्वतःच्या पैशाने घेतलेली ही एकच वस्तू. मॅग्नेटचा पाय वाइसला चिकटवला, टोक रिंगच्या खांद्याला लावलं, चाक हळू फिरवलं. काटा 1.4 मिलिमीटर हलला.

वहीवाल्याला वाटलं, एवढ्याने काय होतं. 44 दाते, दोन दात्यांत अर्धा इंच. त्यावरून स्प्रॉकेटचं पिच वर्तुळ 178 मिलिमीटर व्यासाचं येतं. ते वर्तुळ एक्सलपासून 0.7 सरकलेलं असेल तर चाकाच्या दर फेऱ्यात चेन एकदा ताणते आणि एकदा सैल पडते. ताणाच्या जागी झोल बेताचा ठेवला तर सैल जागी चेन दात्यावरून उडते. सैल जागी बेताचा ठेवला तर ताणाच्या जागी बेअरिंग खातं. पायडल मारणाऱ्याला एक-दोन मिलिमीटर कळतही नाहीत, कारण पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे मारतो. इंजिनाचं तसं नाही. पोरांनी आकडे काढलेच होते : आतलं गिअरिंग 4.1, बाहेरचं 44 भागिले 10 म्हणजे 4.4, एकूण अठरा. इंजिन 4,000वर फिरलं तर चाक मिनिटाला सव्वादोनशेच्या आसपास, आणि 28 इंची चाकावर वेग ताशी 29 किलोमीटर. त्या वेगाला चेन सेकंदाला तीन-चार हिसके खाईल.

बोल्ट अर्धवट सैल केले. जिथे काटा सर्वांत वर, तिथे खडूची खूण. त्या बाजूने लाकडी हातोडीने अगदी हलका टोला. परत फिरवलं. 0.9. परत. 0.5. मग काटा 0.7वर गेला, कारण टोला जरा जास्त लागला. पुढचा अर्धा तास हेच चाललं. लिहिण्यासारखं त्यात काही नाही, पण दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास हाच. 0.3ला मी थांबलो आणि बोल्ट आवळायला लागलो. आवळताना ते 0.4 झालं, तिथेच राहू दिलं.

मग स्प्रॉकेट खांद्यावर बसवून बाजूचा डोल. टोक स्प्रॉकेटच्या तोंडाला, दात्यांच्या जवळ. इथे उपाय हातोडीचा नाही, बोल्टचा : जिथे स्प्रॉकेट बाहेर येतं तिथला बोल्ट थोडा आवळायचा, समोरचा थोडा सैल. रबर असल्याचा फायदा इथे मिळतो. 0.6वर समाधान मानलं.

संध्याकाळी 4.45

चाक सायकलीत. आता चेनची रेषा. रिंगमुळे स्प्रॉकेट 6 मिलिमीटर बाहेर आलं, म्हणून बसवतानाच त्याची खोलगट बाजू उलटी केली होती आणि बरंचसं अंतर परत मिळवलं होतं. टायर आणि चेन यांच्यात करंगळी जाते. मडगार्डची सळी मात्र आडवी येत होती, ती वाकवून घेतली. इंजिनाच्या लहान स्प्रॉकेटपासून मागच्यापर्यंत दोरा ताणला आणि इंजिन वॉशर घालून किंचित डावीकडे घेतलं.

किटमध्ये चेन ताणायला एक लहान चाक येतं, फ्रेमच्या मागच्या दांडीला चिमटीने धरणारं. ते मी पोरांसमोर भंगाराच्या डब्यात टाकलं. दांडी गोल, चिमटी गोल. झटका बसला की ती फिरते आणि ते चाक सरळ आऱ्यांत जातं. मागचं चाक चालत्या गाडीत जाम होणं म्हणजे काय ते पोरांना समजावून सांगावं लागलं नाही. काळ्या सायकलीच्या चिमट्याला लांब आडवी खाच असते, चाक मागे ओढून चेन ताणता येते. पण एक एक्सल आणि चेन दोन! पायडलच्या चेनला ताण बरोबर आला तर इंजिनाची सैल. शेवटी इंजिनाच्या चेनची कडी काढून तिला अर्धी कडी जोडली, आणि राहिलेला फरक इंजिन पुढे सरकवून मिटवला. मधोमध बोटाने दाबलं की अर्धा इंच झोल, चाकाच्या सगळ्या फेऱ्यात सारखा. सकाळपासून चाललं होतं ते एवढ्यासाठी.

संध्याकाळी 6.00

पेट्रोल नाहीच. क्लच दाबून ठेवला आणि चष्मेवाल्याने गल्लीत पायडल मारत दोन चकरा घातल्या. आवाज फक्त साखळीचा. मग त्याला सांगितलं, वेग घे आणि क्लच हळू सोड. इंजिन दाबावर फिरलं, सायकल धक्का खाऊन मंदावली, मागचं स्प्रॉकेट जागचं हललं नाही. खडूची खूण रिंगवर आणि हबवर जिथल्या तिथे. दहाही नटांवर रंगाचा ठिपका दिला, म्हणजे कुठला फिरला तर दिसेल.

ब्रेकबद्दल मात्र मी बोललो. दांडीचा ब्रेक माणसाच्या पायांच्या वेगासाठी केलेला. पावसात तो तसाही नावालाच असतो. मैदानावर चालवणार, ठीक. तरी पुढे कॅलिपर ब्रेक बसवल्याशिवाय इंजिन चालू करू नका. दोघांनी मान डोलावली. वहीवाल्याने लिहून घेतलं, तेव्हा माझा थोडा विश्वास बसला. पहिल्या दहा किलोमीटरनंतर रबर बसतं, बोल्ट ढिले होतात. परत समोरासमोर आवळायचे, आणि तेही चाक थंड असताना.

संध्याकाळी 7.10

‘‘काका, कॉलेजला बिल लागतं,’’ चष्मेवाला म्हणाला. ‘‘त्यावर ‘डिझाइन अँड फॅब्रिकेशन ऑफ स्प्रॉकेट ॲडाप्टर’ असं लिहाल का?’’

माझं बिलबुक मार्केटच्या प्रेसमध्ये छापलेलं, कॉलम लहान. मी लिहिलं : मागील चाक आऊट काढणे, आरे 3, छर्रे, कोन 1, रिंग करून बसवणे. टर्नरचे वेगळे. पोराने वाचलं, फोटो काढला, आणि विचारलं की ‘रिंग करून’च्या जागी निदान ‘ॲडाप्टर’ तरी. तेवढं खोडून दिलं.